बॅटरीची वही कोणाच्या हाती?

(संग्रामपूर, जि. बुलडाणा येथे बचत गटांतल्या महिला आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून इथे रेशनवर बोलणं झालं, दारूवर झालं, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर झालं. आता मी बॅटरीविषयी बोलणार म्हटल्यावर मागे बसलेल्या दोघीतिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "मले काय समजते व माय, करंटातलं?" मावशी, मीही पूर्वी हेच म्हणायची. घरातला दिवा लावायची मी, काच पुसायची मी, रॉकेल पुरवून पुरवून वापरायची मी. पण बटणापलीकडे जे काही असतं ते पुरुषांचं, अशी आपली समजूत करून दिलेली असते. आता बरीच वर्षं खेड्यापाड्यांतल्या सोलर दिव्यांच्या दुरुस्तीचं काम करते आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते, त्यात कणगी भरणाऱ्या बाईला समजणार नाही असं काहीही नाही. आज तेवढंच पटवून द्यायचं आहे.

तुमचा तालुका दोन टोकांचा आहे. उत्तरेला सातपुडा, त्यात अंबाबरवाचं अभयारण्य, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं. त्या बाजूच्या आदिवासी वस्त्यांवर तार उशिरा पोचते, जंगलातून खांब न्यायचे तर परवानगी लागते, आणि आली तरी वादळवाऱ्यात दोन-दोन दिवस जाते. दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. तिथे तार आहे, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि घरोघरी किडनीचे आजारी आहेत. डोंगरातल्या अंधाराचा आणि खाऱ्या पाण्याचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. बॅटरीत तो संबंध येतो. पुढे सांगते.

एका वस्तीवरची गोष्ट

डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. तिथल्या समाजमंदिरावर सोलरची प्लेट बसली, आत बॅटरी ठेवली, नारळ फुटला, फोटो निघाले. खोलीची किल्ली समितीकडे गेली. समितीत सात जण होते, त्यात दोन बाया, आणि त्या दोघींना आपण समितीत आहोत हे मला भेटेपर्यंत माहीत नव्हतं. बायांकडे एकच काम दिलं होतं, प्लेटवरची धूळ पुसायची.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग टीव्ही आला. मग कोणी तरी जुना पंखा आणून टांगला. बॅटरी उतरली की कंट्रोलर आपोआप पुरवठा तोडतो, लाल दिवा लागतो. एकदा क्रिकेटची मॅच चालू असताना तो लाल दिवा लागला, तर एका हुशार पोराने कंट्रोलर बाजूला ठेवून थेट बॅटरीला वायर लावून दिली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. पुढे बॅटरीतलं पाणी कमी झालेलं दिसलं, तेव्हा कोणी तरी जवळच्या हातपंपाचं पाणी आणून ओतलं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात बॅटरी मेली.

त्या अंधारात एक बाळंतपण झालं. रस्ता वाहून गेलेला, गाडी येईना, आशाताईने मोबाईलच्या बॅटरीवर सगळं निभावलं. बाळ-बाळंतीण वाचल्या, म्हणून ही गोष्ट कुठे छापून आली नाही. मी गेले तेव्हा समितीचे एक काका म्हणाले, "सोलर काही खरं नसतं ताई, डबडं असतं ते." मी बॅटरी उघडून बघितली. डबडं नव्हतं. तिला उपाशी ठेवून, वरून मीठ पाजून मारलं होतं. आणि हे सगळं होताना बघणाऱ्या, रोज दिवा लावणाऱ्या, दिवा मंद झालाय हे सगळ्यात आधी ओळखणाऱ्या बायांना कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

सरकारने २०१७ साली सौभाग्य योजना आणली. जिथे तार पोचत नाही अशा दुर्गम घरांसाठी त्यात २०० ते ३०० वॅटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग, आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. योजना २०२२ मध्ये संपली. पाच वर्षं कधी ना कधी सरतातच. प्लेट पंचवीस वर्षं टिकते, बॅटरी नीट सांभाळली तर पाचसहा वर्षं, नाही सांभाळली तर दोन. म्हणजे सोलरचा प्रश्न फिरून फिरून बॅटरीवर येतो. आणि बॅटरीचा प्रश्न दोन गोष्टींवर येतो. ती किती मोठी घ्यायची हे कोणी ठरवलं, आणि घेतल्यावर तिच्याकडे कोणी बघितलं.

आधी यादी करा, आणि यादी तुम्ही करा

बॅटरी म्हणजे कणगी. दिवसा ऊन आहे तेव्हा भरायची, रात्री त्यातून काढायचं. वर्षाची ज्वारी भरताना तुम्ही काय करता? घरात माणसं किती, रोजच्या भाकरी किती, पाहुणे किती येतील, पेरणीला बियाणं किती राखायचं. कोणी शाळा शिकवली नाही तरी हा हिशेब तुम्हाला येतो. बॅटरीचा हिशेब अगदी हाच आहे.

फळ्यावर लिहू. प्रत्येक वस्तूवर 'वॅट' लिहिलेले असतात, म्हणजे तिची भूक. वॅट गुणिले तास, म्हणजे दिवसाची भाकरी. समजा गटाची एक खोली आहे. त्यात ७ वॅटचे चार एलईडी दिवे, रोज पाच तास. ७ गुणिले ४ गुणिले ५, झाले १४० वॅट-तास. एक नव्या पद्धतीचा, कमी वीज खाणारा पंखा, ३० वॅटचा, सहा तास, म्हणजे १८०. आठ मोबाईल चार्ज करायचे, प्रत्येकी साधारण १० धरा, ८०. बेरीज ४००.

सांडलवंड असतेच. वायरमध्ये, कंट्रोलरमध्ये, इन्व्हर्टर असेल तर त्यात. पाव भाग जास्त धरू. ४०० चे झाले ५००. ही एका दिवसाची गरज.

आता पाहुणे, म्हणजे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दोन दिवस तोंड दाखवत नाही. म्हणून दोन दिवसांचा साठा हवा. १०००.

आता बियाणं. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि दुकानदार ती सांगत नाही. शिशाची, पाणी घालायची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. अर्धी वापरायची, अर्धी राखायची. रोज तळ खरवडला तर ती लवकर मरते. बियाणं खाऊन टाकलेल्या घरासारखं. म्हणून १००० हवे असतील तर २००० ची बॅटरी घ्यायची.

बॅटरी १२ व्होल्टची. २००० भागिले १२, आले साधारण १६७. बॅटरीवर जो 'एएच' आकडा लिहिलेला असतो तो हा. १६७ ची मिळत नाही, म्हणून त्याच्या वरची, १८० ची घ्यायची. खालची १५० ची घेऊ नये.

प्लेट किती मोठी? रोज ५०० काढायचे तर भरताना ६०० च्या वर घालावे लागतात, कारण बॅटरी भरतानाही थोडं वाया जातं. दिवसाला साडेचार तास चांगलं ऊन धरलं तर कागदावर १४० वॅटची प्लेट पुरते. पण कागदावरचं ऊन आणि श्रावणातलं ऊन वेगळं. शिवाय बॅटरीला अगदी थेंबथेंब चार्ज करून चालत नाही. १८० एएचच्या बॅटरीला तिच्या आकड्याचा दहावा भाग, म्हणजे १८ आंपिअरपर्यंत करंट मिळाला तर उत्तम, विसाव्या भागाच्या खाली तरी जाऊ नये. म्हणून २०० ते ३०० वॅटची प्लेट घ्या. मोठी बॅटरी आणि लहान प्लेट ही जोडी नको. मोठी कणगी बांधली आणि शेत अर्धा एकर, तर कणगी कधी भरणारच नाही, आणि अर्धवट भरलेली बॅटरी आतून मरत जाते. तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, तो मग निघत नाही.

आता मघाच्या वस्तीवरची खरी यादी बघा. दिवे १४०. मोबाईल ८०. जुना पंखा, ७५ वॅटचा, सहा तास, ४५०. म्हणजे आपली पूर्ण यादी ४०० ची, आणि तो एकटा पंखा ४५० खातो. टीव्ही ६० वॅटचा, चार तास, २४०. भजनाला आणि वरातीला लावायचा स्पीकर, १०० वॅट, दोन तास, २००. बेरीज करा. १११०. ४०० च्या हिशेबाने घेतलेल्या बॅटरीवर १११० चा भार.

माझं टीव्हीशी वैर नाही. बायांनाही टीव्ही बघायचा असतो, तोही त्यांचा हक्क आहे. प्रश्न आहे, यादी कोणी केली. त्या वस्तीवर मी बायांना एकत्र बसवून विचारलं, तुम्हाला उजेड कुठे हवा? पहिलं उत्तर आलं, संडासच्या वाटेवर. दुसरं, चुलीपाशी, कारण भाकरी करपली तर बोलणी बसतात. तिसरं, बाळंतपणाच्या रात्री जिथे लागेल तिथे, हातात धरून नेता येईल असा. चौथं एका पोरीचं, अभ्यासाला. पंख्याचं उत्तर आलंच नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, पंखा तर गडीमाणसं बसतात तिथे असते. या चारही गोष्टींना मिळून १०० वॅट-तास लागत नाहीत. समितीच्या यादीत त्यातली एकही नव्हती.

आपण चळवळीत नेहमी म्हणतो, बाईचं काम मोजलं जात नाही. बाईचा उजेडही मोजला जात नाही. आणि जे यादीत नसतं ते बॅटरीत नसतं. म्हणून गावात सोलर येणार असं कळलं की ग्रामसभेत पहिला प्रश्न विचारा, यादी कुठे आहे? आणि दुसरं वाक्य म्हणा, आम्ही आमची करून आणलीय. यादीत नवी वस्तू घालायची तर आधी बेरीज करायची, मगच वायर जोडायची, असा ठराव लिहून घ्या. कोणाला टीव्ही हवा असेल तर त्याची प्लेट आणि बॅटरी वाढवायची वर्गणीही त्याच ठरावात लिहा.

निगा

आता सांभाळायचं कसं. हे ऐका आणि लिहून घ्या. जिला लिहिता येत नाही तिने शेजारणीकडून घरी गेल्यावर पुन्हा ऐका.

पहिलं, पाणी. शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. चार्ज होताना त्यातलं पाणी उडतं. दर महिन्याला झाकणं उघडून बघायचं, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. पट्ट्या कधीही उघड्या पडता कामा नयेत. पाणी घालायचं ते फक्त बॅटरीचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही, नळाचं नाही, हातपंपाचं तर नाहीच. इथे तुमचा खारपाणपट्टा येतो. जे मीठ माणसाच्या तब्येतीला सोसत नाही ते बॅटरीलाही सोसत नाही. त्यातलं क्लोराईड आतल्या शिशाला खातं, लोह असेल तर बॅटरी बसल्या जागी उतरत राहते. कॅनमधून विकत येणारं आरओचं पाणीही चालणार नाही. ते पिण्यापुरतं गोडं केलेलं असतं, त्यात क्षार उरतातच. वरवट बकालला, शेगावला कुठल्याही बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मिळतो. तो आधीच आणून कुलपात ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणाचा हात हातपंपाकडे जाणार नाही.

पाणी चार्ज झाल्यावर घालायचं, आधी नाही. चार्ज होताना पातळी वर चढते, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी घाला, बाकीचं नंतर. ॲसिड कधीही वरून घालायचं नाही. "जोर कमी झालाय, थोडं ॲसिड टाकू" म्हणणारा मेकॅनिक आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. आणि सहापैकी एकाच कप्प्याचं पाणी सारखं कमी होत असेल, तर तो कप्पा आजारी आहे असं समजा.

दुसरं, जागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. बॅटरीला ऊन आणि उष्णता सोसत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून ती पत्र्याला लागून, भट्टीसारख्या कोनाड्यात ठेवू नका. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, लाकडी फळीवर ठेवा. चुलीजवळ तर मुळीच नाही. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. बॅटरीच्या खोलीत बिडी नाही, आगपेटी नाही, उदबत्तीही नाही. पूजा करायची तर प्लेटची करा, ती बाहेर असते.

तिसरं, टोकं. बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरा-हिरवा बुरा जमतो. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. मात्र झाकणं घट्ट लावून, सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. मग कोरडं करा, पाना लावून आवळा, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. सोडताना आधी उणेची वायर, मग अधिकची. जोडताना उलट. कंट्रोलर बदलायचा असेल तर बॅटरी आधी जोडायची, प्लेट नंतर, काढताना प्लेट आधी.

आणि या कामाला हात घालण्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, जोडवी आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवायचं. आता कुजबुज झाली ती ऐकली मी. मंगळसूत्रावर बोलायला मी आज आले नाही, त्यावर वेगळं शिबिर घेऊ. वाकून काम करताना लोंबतं सोनं दोन्ही टोकांना टेकलं तर ते क्षणात लाल होतं आणि गळा भाजतो. पुरुषालाही घड्याळ आणि कडं काढायला सांगायचंच. एका गावात सासूबाईंनी सुनेला मंगळसूत्र काढू दिलं नाही. सून म्हणाली, मग तुम्हीच पाना धरा. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, माझ्या हातात दे, काम होईपर्यंत मी सांभाळते. चर्चेने प्रश्न सुटतात ते असे. पान्याच्या दांड्यालाही चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

ॲसिड म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यायला कारणं आहेत. बाईच्या चेहऱ्यावर ते फेकणारे आपण बघितलेत. पण हे भय आपल्याला कामापासून दूर ठेवायला वापरू देऊ नका. रबरी हातमोजे घाला, डोळ्याला चष्मा लावा, जवळ स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. अंगावर उडालंच तर पंधरा-वीस मिनिटं पाणी ओतत राहा, डोळ्यात गेलं तर पाणी ओतून लगेच दवाखाना गाठा. जुनी साडी नेसून काम करा. ॲसिडचा थेंब पडला की तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर भोकं दिसतात.

चौथं, वही. गटाने एक साधं मल्टिमीटर आणि एक हायड्रोमीटर विकत घ्यावं. रोज सकाळी, ऊन प्लेटवर पडायच्या आधी, दिवे बंद असताना बॅटरीचे व्होल्ट बघायचे आणि वहीत लिहायचे. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर त्या दिवशी पंखा बंद, दिवे दोनच. आपण केलेल्या हिशेबात रात्रीत साधारण पाव भाग संपतो, म्हणजे सकाळी १२.४ च्या आसपास यायला हवं. रोज १२.२ यायला लागलं तर कुठे तरी चोरवायर जोडलीय, किंवा प्लेटवर धूळ आहे, किंवा बॅटरी थकलीय. हायड्रोमीटरने महिन्यातून एकदा सहाही कप्पे बघा. आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. नव्या बॅटरीचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, म्हणजे पुढे ताडून बघता येतो.

पाचवं, कंट्रोलरचा लाल दिवा. तो भांडखोर नाही, तो राखणदार आहे. तो म्हणतो, बियाण्याला हात लावू नका. त्याला ओलांडून वायर जोडणाऱ्याचं नाव वहीत लिहा.

आता काही जणी विचारतील, लिथियमची बॅटरी घेतली तर? तिला पाणी घालावं लागत नाही, वायू सुटत नाही, आणि ती शंभरातली ऐंशी वापरता येते. आपल्याच हिशेबात १००० वॅट-तासांसाठी १२.८ व्होल्टची १०० एएचची पुरते. नीट वापरली तर शिशाच्या बॅटरीपेक्षा बरीच जास्त वर्षं चालते. पण विकत घेताना महाग पडते, उष्णता तिलाही सोसत नाही, तिचा कंट्रोलर तिच्यासाठीच लावलेला हवा, आणि बिघडली तर गावात उघडून दुरुस्त करता येत नाही. तिच्यात व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून मघाचे १२.४-१२.२ चे आकडे तिला लावू नका. घ्यायची की नाही ते गटाने पैसे आणि जवळचा मेकॅनिक बघून ठरवावं. यादी आणि वही दोन्हीकडे लागतेच.

पैसा आणि भंगार

बॅटरी मरणार आहे हे पहिल्या दिवशीच माहीत असतं. माणसाच्या मरणाची तारीख ठाऊक नसते, हिची अंदाजाने असते. समजा १८,००० रुपयांची बॅटरी पाच वर्षं टिकेल. साठ महिने. महिन्याला ३०० रुपये बाजूला पडायला हवेत. पंधरा जणींचा गट असेल तर महिना वीस रुपये. ते वेगळ्या खात्यात टाका, आणि त्या खात्यावर दोन बायांच्या सह्या असू द्या.

हे स्वप्नरंजन नाही. पुणे जिल्ह्यात सह्याद्रीतल्या दरेवाडीत २०१२ साली ९.४ किलोवॅटचं छोटं सौर वीजकेंद्र उभं राहिलं, ३९ घरांसाठी. घरोघरी मीटर बसले, गावाचा ट्रस्ट झाला. वापराप्रमाणे पैसे द्यायचे, त्यातून देखभाल करायची आणि पुढे बॅटऱ्या बदलायला पैसे साठवायचे, अशी ती घडी बसवली. आणि राजस्थानातल्या तिलोनियाला १९७२ मध्ये सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजने तर शाळेची पायरी न चढलेल्या बायांना, आज्यांना, सहा-सहा महिन्यांत कंट्रोलर आणि दिवे जोडायला शिकवलं. आफ्रिकेतल्या खेड्यांतून बाया तिथे आल्या, भाषा एक नाही, खुणांनी आणि रंगांनी शिकल्या, परत जाऊन गावं उजळली. आज्याच का? कारण शिकलेला पोरगा सर्टिफिकेट घेऊन शहरात जातो. आजी गावात राहते.

मेलेल्या बॅटरीचंही ऐका. ती भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, आणि घरी फोडू तर अजिबात नका. आत शिसं असतं. शिसं वितळवलं की त्याची वाफ आणि धूळ पोटात जाते, आणि ती लहान मुलांच्या वाढीवर, मेंदूवर आणि पोटातल्या बाळावर घाव घालते. बॅटरी फोडणाऱ्या भट्ट्यांजवळ मजुरी करायला कोण जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. २००१ मध्ये याचे नियम झाले, २०२२ मध्ये नवे आले. जुनी बॅटरी परत घेऊन नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आता बनवणाऱ्या कंपनीवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या, तिचे पैसे बिलातून कमी करून घ्या आणि पावती वहीत चिकटवा.

शेवटचं

मघाच्या त्या वस्तीवर पुढे काय झालं ते सांगून थांबते. बायांनी वर्गणी काढली, थोडी ग्रामपंचायतीने घातली, नवी बॅटरी आली. या वेळी यादी आधी झाली. टीव्हीवर तीन बैठका भांडण झालं. शेवटी जुना पंखा निघाला, कमी विजेचा लागला, आणि संडासच्या वाटेवर दिवा आला. टीव्हीला बॅटरी पुरेल तेव्हा बघू, असं ठरलं. किल्ली मात्र समितीने सोडली नाही. सहा महिने एक बाई रोज सकाळी किल्ली मागायला जायची, आकडा लिहायची, किल्ली परत करायची. कधी मिळायची, कधी "आज राहू दे" ऐकून परत यायची. ज्या दिवशी मिळाली नाही त्या दिवशी तिने वहीत आकड्याच्या जागी लिहिलं, "किल्ली दिली नाही." ग्रामसभेत ती वही तिने मोठ्याने वाचली. सहा महिन्यांत बावीस वेळा. त्या सभेत किल्ली बायांकडे आली.

तिथे मोठी घोषणा झाली नाही, मोर्चा निघाला नाही. दहा रुपयांची वही होती आणि रोज लिहिणारी बाई होती. बॅटरी कोणी दिली हे पाटीवर लिहिलेलं असतं. ती कोणामुळे जगली हे वहीतच सापडतं.

तेव्हा मावशी, मघाशी म्हणालात, करंटातलं काय समजतं. आता मल्टिमीटर तुमच्याकडे देते. लाल वायर अधिकला, काळी उणेला. पुढे या, आकडा वाचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगा.